काटा दोघांचा, लाइन ज्याची त्याची

नईमाला एक सवय होती. कॉम्प्युटरची नवी लाइन जोडून व्हायची, पडद्यावर सगळे दिसू लागायचे, समोरचा माणूस खूश होऊन चहा सांगायला उठायचा आणि नेमकी तेव्हाच ती खाली वाकून, नुकतीच लावलेली वायर स्वतःच्या हाताने उपटायची. पडदा रिकामा झाला की तिला बरे वाटायचे. मग वायर पुन्हा लावायची, सगळे परत येताना बघायचे आणि त्यानंतरच सही मागायची. "बंद करून पाह्यल्याशिवाय चालू हाये म्हनू नये," असे ती म्हणे. अकोटच्या जिनिंगमध्ये तिला यावरून हसत. पण त्या वर्षी ती जिनिंग चालू राहिली ती या सवयीमुळेच.

मी तेव्हा खुशालराव हिंगणकर यांच्या फर्मच्या अकोला ऑफिसात अकाउंट्स बघत असे. आजही तेच करतो, निवृत्तीला आता फार दिवस नाहीत. फर्मच्या दोन जिनिंग होत्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचे कारखाने, एक अकोटला आणि एक पातूरला. गोष्ट दोन हजार सातच्या हंगामाची. वऱ्हाडाचे नाव त्या काळात रोज वर्तमानपत्रात येई आणि ते वाचावेसे वाटत नसे. पांढऱ्या गाड्यांतून पथके येत, पाहणी करत, निघून जात. कापसाच्या रानात सोयाबीन आले होते. जिनिंगपर्यंत पोचणारा कापूस दर वर्षी कमी होत होता. अकोट रस्त्यावरच्या काही जिनिंगच्या मशिनरी भंगारवाल्यांनी तुकडे करून नेल्या होत्या. मोकळ्या शेडमध्ये बकऱ्या बसत.

अशात नांदगाव पेठच्या वसाहतीतल्या एका कापड मिलने आमच्यासारख्या काही जिनिंगना विचारणा केली. निवडक जिनिंगची यादी करायची आणि पूर्ण हंगामभर गाठी त्यांच्याकडूनच थेट घ्यायच्या, असा मिलचा विचार होता. अट एकच होती. रोज कापूस किती आला, गाठी किती बांधल्या, प्रत कोणती, हे मिलच्या खरेदी विभागाला बसल्या जागी दिसले पाहिजे, आणि तेही साध्या इंटरनेटवरून नाही, तर खासगी लाइनवरून. मिल दिवाळीच्या आधी लाइन तपासणार होती. जी चालेल ती जिनिंग यादीत.

खुशालरावांनी हिशेब सरळ मांडला. यादीत नाव आले तर अकोटची गाठी बांधायची प्रेस चालवायची. नाही आले तर अकोटला कुलूप लावायचे आणि येईल तेवढा कापूस पातूरला न्यायचा.

अकोटच्या प्रेसचे मिस्त्री शेख वाहेद. नईमा त्यांची मोठी मुलगी. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही दिवस अकोटच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत काम केले आणि नंतर एका नेटवर्क कंपनीच्या अमरावती ऑफिसात फिल्ड इंजिनिअर म्हणून लागली. खांद्याला बॅग, त्यात लॅपटॉप, पक्कड आणि डबा. एसटीने अकोट, अकोला, पातूर, जिथे लाइन पडेल तिथे. वाहेदमिस्त्री लोकांना सांगत, "लाइनमन खांबावर चढते. माही पोट्टी खुर्चीवर बसून खांब हालवते."

आमच्या फर्मचे काम त्याच कंपनीला मिळाले. अकोटची लाइन जोडायला नईमाच आली. वडील ज्या प्रेसवर उभे राहणार की नाही ते ठरायचे होते, त्याच प्रेसच्या ऑफिसात.

पहिल्याच दिवशी खुशालरावांनी तिला समोर बसवले. त्यांच्या मनात एक खडा टोचत होता. आमच्या जिनिंगच्या भिंतीला लागून शालिकराम बोडखे यांची जिनिंग. दोघांचे आजे एकाच गावचे, पण बाजार समितीच्या लिलावात हे दोघे एकमेकांना एक रुपयानेही स्वस्त माल घेऊ देत नसत. शालिकरामनेही मिलकडे अर्ज केला होता आणि लाइन याच कंपनीची घेतली होती.

"शालिकरामची लाइन बी तुमचीच?" खुशालरावांनी विचारले.

"हावो मालक."

"अन् अकोटहून अमरावतीले दोघाईचं एकाच वायरीतून जाते?"

"एकाच."

मला वाटले होते ती काहीतरी गोल गोल बोलेल. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिले. "ऐकलं का किसनराव? माहा भाव अन् त्याचा भाव एका गाडीत बसून चालले."

नईमा उठली आणि खिडकीशी गेली. बाहेर मागच्या हंगामाच्या राहिलेल्या गाठी रचून ठेवल्या होत्या. "मालक, एका ट्रकमधे तुमच्या गाठी अन् शालिकरामभाऊच्या गाठी कधी गेल्या नाईत का?"

"गेल्या नं."

"दोघाईची एक नंबरची गाठ असते. मंग मिसळत काहून नाई?"

"त्याच्यावर मार्का असते."

"तसंच हाये. अकोटच्या एक्सचेंजमधे तुमच्या मालावर एक लेबल चिकटते. अकोल्याचं मशीन माल उघडून पाहत नाई, पत्ता बी वाचत नाई. नुसतं लेबल पाहते. थे काढते, पुढच्या मुक्कामाचं दुसरं लावते अन् धकवते. अमरावतीले शेवटचं लेबल निंगते अन् माल मिलच्या दारात. शालिकरामभाऊचं लेबल अलग, म्हनून त्याईचा माल तुमच्या दारात उतरतच नाई. गाडी एक असली तरी."

तिच्या कंपनीच्या कागदांवर याला एमपीएलएस व्हीपीएन म्हटले होते. मी ते कागद वाचले होते, पण मला ते समजले गाठींवरून.

खुशालरावांनी मान हलवली आणि नेमका प्रश्न विचारला. "मंग याले कुलूप हाये म्हन नं."

"नाई मालक. लेबल म्हनजे कुलूप नाई. वाट अलग, एवढंच. कुलूप पायजे तर थे वरून लावा लागते. भावाच्या फाइलीले मी लावून देईन."

खुशालराव दाराकडे वळले. तिथे वाहेदमिस्त्री हात पुसत उभे होते. "वाहेद, तुह्या पोरीले धंदा येत नाई. हो म्हनली असती तर माह्या बापाले तरी काय समजलं असतं!"

"धंद्यासाठी तुमी हायेच नं मालक," मिस्त्री म्हणाले. "तिले खरं बोलू द्या."

पातूरची लाइन विनातक्रार चालू झाली. मग अकोटची जोडली. नईमाने सवयीप्रमाणे वायर उपटली, लावली. अकोला दिसले, पातूर दिसले. मी आणि खुशालराव तिथेच होतो. चहा आला होता. एवढ्यात आमच्या अकोला ऑफिसातून सीमाचा फोन आला. सीमा आमची कॉम्प्युटर ऑपरेटर.

"सर, अकोटचं दिसून राह्यलं. पण त्याच्यासोबत बोडखे जिनिंगचं फोल्डर पण दिसते. उघडून पाह्यलं तर आजची खरेदी. गाडीनिहाय."

फोन कानाशी धरूनच मी ते मोठ्याने सांगितले. खुशालरावांनी इथल्या कॉम्प्युटरवर पाहिले, तर इथेही तेच फोल्डर.

"त्याचं मले दिसते म्हनजे माहं त्याले दिसते!" कप तसाच राहिला. "कुठं गेलं तुहं लेबल?"

नईमाने अमरावतीला तिचे साहेब कुलदीप यांना फोन लावला. कुलदीपसाहेबांनी त्यांच्या बाजूचे सगळे तपासले. दोन्ही गिऱ्हाइकांची लेबले वेगळी, वाटा वेगळ्या, कुठेही गाठ पडलेली नाही. तरी दिसते आहे म्हणजे दोन्ही लाइनी काढून नव्याने बांधू, असे ते म्हणाले. त्याला आठवडा लागणार होता.

"आठवडा?" खुशालराव म्हणाले. "उद्या दुपारी मिल पाहून राह्यली. थ्या मिलचा माणूस माह्या लाइनीवर शालिकरामची खरेदी पाहील, अन् शालिकरामच्या लाइनीवर माही. दोघंबी यादीतून बाद. ऐक पोरी, उद्या सकाळपर्यंत हे निंगलं नाई तर मीच मिलले नाई म्हनून कळवतो. निदान अब्रू तरी राह्यल. प्रेसले कुलूप. वाहेद, ऐकलं नं?"

"ऐकलं," मिस्त्री म्हणाले आणि मुलीला म्हणाले, "बेटा, चाय ठंडी हो रही." बापाने एवढेच बोलावे याचे मला नवल वाटले. तिने चहा एका घोटात संपवला आणि फोनवर साहेबांना सांगितले, "सर, तुम्ही तुमचं बघितलं. आता मी माझं बघते. तोपर्यंत काही तोडू नका."

मग ती टेबलाखाली वाकली आणि लाइन जिथून आत येते त्या कंपनीच्या डब्यातली वायर तिने पुन्हा उपटली.

अकोल्याहून सीमा म्हणाली, "सर, गेलं सगळं. अकोट दिसत नाही."

वायर तशीच हातात धरून नईमा इथल्या कॉम्प्युटरसमोर बसली. बोडखे जिनिंगचे फोल्डर पडद्यावर होतेच. तिने त्यातली दुसरी फाइल उघडायला घेतली. ती उघडली.

"मालक, या इकडे. कंपनीची वायर पाहा, माह्या हातात हाये. बाहेरून एक अक्षर येऊ शकत नाई. तरी हे उघडते."

खुशालराव कधी वायरकडे, कधी पडद्याकडे बघत राहिले. "मंग हे येते कुठून?"

"थेच पाहाचं हाये. पन माह्या वाटेनं येत नाई."

तिने देवमनला बोलावले. देवमन आमच्या वजनकाट्याचा कारकून, भरलेल्या गाड्यांची वजने लिहिणारा. फार जुना आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"देवमनभाऊ, या ऑफिसातून बाहेर कुठं वायर जाते?"

"कायची वायर?"

"कॉम्प्युटरची."

"नाई बा. एक अकाउंटच्या टेबलाले, एक प्रेसच्या खोलीत. झालं."

ती त्याच्या शब्दावर थांबली नाही. कपाटामागचा छोटा डबा तिने पुढे ओढला. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यात एकत्र येत. एक एक वायर चिमटीत धरून ती तिच्या मागे चालू लागली. एक टेबलाशी संपली, दुसरी प्रेसच्या खोलीत गेली. तिसरी मात्र खिडकीच्या गजातून बाहेर पडली, पत्र्याखालून सरकीच्या ढिगामागे गेली आणि तिथून दिसेनाशी झाली. ढिगापलीकडे हौद होता. जिनिंगच्या बाया तिथे हातपाय धूत, ओले कपडे वाळत घालत. तिथे एका दोरीवर लुगडी, टॉवेल, कोणाचा ब्लाऊज अशी रांग लागली होती. नईमाने पहिले लुगडे बाजूला केले.

"ओ बाई! ओल्लं हाये थे, हात नको लावू," पंचफुला ओरडली. ती बायांची मुकादम.

"पंचफुलामावशी, ही दोरी तुमची?"

"मंग कोनाची? गेल्या सालापासून हाये. चांगली मजबूत हाये, तुटत नाई."

ती दोरी निळी होती. लुगड्यांखालून ती भिंतीपर्यंत गेली होती, भिंतीवरच्या खिळ्याला एक वेढा घेऊन पलीकडे उतरली होती, थेट शालिकरामच्या काट्याच्या केबिनमध्ये.

नईमाने मागे वळून देवमनकडे पाहिले. देवमन शांतपणे म्हणाला, "थे होय? थे तर काट्याची हाये."

"पन तुमी नाई म्हनले."

"तुमी कॉम्प्युटरची इचारली. थे शेजारच्या काट्याची हाये."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. मला मात्र सगळे उलगडले. आमच्या काट्याचा पाया आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात काळी माती फुगून हलला होता आणि अजून दुरुस्त झाला नव्हता. अकोटच्या त्या ओळीत फार जुनी रीत आहे. ज्याचा काटा बंद, त्याच्या गाड्या शेजाऱ्याच्या काट्यावर. हे दोघे लिलावात एकमेकांचा गळा धरतील, पण काटा अडवणार नाहीत. त्यांच्या आजांनी अडवला नाही, बापांनी अडवला नाही. मागच्या हंगामात आमच्या गाड्या शालिकरामच्या काट्यावर होऊ लागल्या. चिठ्ठी आणायला देवमनला रस्त्यावरून वळसा पडे. तेव्हा देवमन आणि शालिकरामचा काट्यावरचा माणूस धर्मपाल यांनी आपसात बोलून भिंतीवरून एक वायर टाकली. वजन तिकडे झाले की इकडे दिसे; त्यापलीकडे काय दिसते ते कोणी कधी पाहिले नाही. मालकांना विचारले नव्हते. काट्याला कोणी विचारते का? पण त्या वायरीने दोन जिनिंगचे सगळे कॉम्प्युटर एका घरात आणून बसवले होते. अमरावतीपर्यंत वेगळ्या राहिलेल्या वाटा इथे, हौदापाशी, लुगड्यांखाली एक झाल्या होत्या.

"तोड," खुशालराव म्हणाले.

"मालक, वजन?" देवमनने विचारले. "उद्यापासून आपल्या गाड्या लागते."

मला माहीत होते, खुशालरावांना नुसती वजनाची अडचण नव्हती. भिंतीवरून आलेली शेजाऱ्याची मदत न सांगता तोडली असती, तर ती पुन्हा कधी भिंतीवरून आली नसती.

"तोडाची तर हायेच," नईमा म्हणाली. "पन काटा तोडाचा नाई. मालक, मिल तुमाले दिसते, शालिकरामभाऊले बी दिसते, पन मिलच्या घरातून तुमाले एकमेकाच्या घरात जाता येत नाई. काट्याचंबी तसंच करता येते. काट्याचा कॉम्प्युटर दोघाईच्या घरातून काढाचा, त्याले तिसरं घर द्याचं. काटा दोघांले दिसन, पलीकडचं काई दिसनार नाई. वजन लाइनीवरून येईन, भिंतीवरून नाई. पन दोघाईनं कंपनीले सांगा लागते. एकानं सांगून होत नाई."

"म्हनजे शालिकरामले बोलवा लागते."

"हावो."

खुशालराव स्वतःच भिंतीजवळ गेले आणि मोठ्याने हाक मारली.

शालिकराम बाजूच्या फाटकाने आले, खांद्यावर टॉवेल. त्यांना बातमी आधीच पोचली असावी. "काय खुशाल, माही खरेदी वाचून झाली का?"

"तुही खरेदी वाचून काय करू? शिकाले घ्यायची का, महाग कसा घ्यावा थे?"

"तुही बी दिसते म्हनतात मले."

"पाह्यली?"

"नाई."

"काहून?"

"चष्मा घरी होता."

देवमन सोडून सगळे हसले. मग नईमाने शालिकरामना तेच सगळे पुन्हा सांगितले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "माह्या काट्यावरचं वजन एक्सचेंजमधे जाऊन भिंतीच्या अलीकडे येईन? थकनार नाई का?"

"थकलं तर मले फोन करा," ती म्हणाली.

कुलदीपसाहेबांना पटवणे जास्त अवघड गेले. फिल्डवरच्या माणसाने लाइनींचा नकाशा बदलायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चूक नव्हते. दोन्ही मालक फोनवर त्यांच्याशी बोलले, दोघांचे संमतीचे फॅक्स गेले. तरी ते म्हणाले, "नईमा, उद्या मिलसमोर हे पडलं तर?"

"सर, पडलं तर मी येऊन राजीनामा देते. पण पडणार नाही. कारण मिलच्या आधी मी स्वतः पाडून बघणार आहे."

शेवटी साहेब म्हणाले, "कर. मी इकडून बांधतो."

तिने निळी वायर आधी शालिकरामच्या बाजूने काढली, मग आमच्या. काढण्याआधी पंचफुलाने कुरकुर करत लुगडी उचलली. काट्याच्या केबिनसाठी वेगळी वायर ओढली. ती धर्मपालने धरली आणि देवमनने खिळे ठोकले. ऊन उतरायच्या आत अमरावतीहून तिसरे घर बांधून झाले. नईमाने एक एक करून सगळे पाडले आणि उठवले. आमची लाइन काढली तेव्हा शालिकरामची चालत होती. शालिकरामची काढली तेव्हा आमची. काटा काढला तेव्हा दोन्हीकडे फक्त काटा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलचे खरेदी अधिकारी फोनवर होते. त्यांना अकोट दिसले, पातूर दिसले, शिल्लक गाठी दिसल्या, आणि शालिकरामची जिनिंग तिच्या लाइनवर दिसली. सीमाने अकोल्याहून बोडखे जिनिंग शोधली, सापडली नाही. धर्मपालने पलीकडून आमची शोधली, तीही नाही. आमच्या कापसाची पहिली गाडी शालिकरामच्या काट्यावर चढली आणि वजन दोन्ही ऑफिसांत दिसले. मिलचे साहेब म्हणाले, "ठीक आहे, मग मी नोंद करतो," आणि तेवढ्यात नईमा खाली वाकली.

"आता काहून उपटते!" खुशालराव अक्षरशः उभे राहिले.

तिने उपटलीच. फोनमध्ये साहेब म्हणाले, "अहो, बंद झालं."

"हो सर, मीच बंद केलं. मिल जे बघते आहे ते याच लाइनवरून येतं, दुसरीकडून कुठून नाही, हे तुम्हाला दिसायला पाहिजे होतं. आता लावते."

तिने वायर परत लावली. मग साहेबांचा आवाज, यावेळी जरा हसरा. "आलं. तुमची आणि बोडखेंची, दोन्ही जिनिंग यादीत घेतो."

वाहेदमिस्त्रींनी प्रेसपुढे नारळ फोडला. पहिली गाठ बाहेर आली तेव्हा मार्क्याची शाई ओली होती. मिस्त्रींनी मुलीला थांब म्हटले, पण तिची पातूरची गाडी होती. पातूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तिला पुन्हा एकदा तपासायचा होता. कोणी तक्रार केली नव्हती तरीही.

त्या हंगामात अकोटची प्रेस होळी उलटेपर्यंत चालली. नंतरच्या वर्षांत कापूस आणखी कमी-जास्त होत राहिला, आमचा काटा दुरुस्त झाला, मग शालिकरामचा बिघडला आणि त्यांच्या गाड्या आमच्याकडे आल्या. तेव्हा देवमनने कोणतीही वायर टाकली नाही. त्याने नईमाला फोन केला.

पण मला आठवतो तो त्या दिवाळीनंतरचा तिचा पहिला फेरा. ती ऑफिसात शिरण्याआधीच पंचफुलाने तिला हौदापाशी गाठले. "आमची दोरी नेली तू. आता लुगडी काय तुह्या लेबलावर वाळवू?"

नईमाने बॅगेतून बाजारातून आणलेली नायलॉनची दोरी काढली. तिने ती भिंतीवरच्या त्याच जुन्या खिळ्याला बांधली, दुसरे टोक शेडच्या खांबाला. मग दोरीला दोन्ही हातांनी धरून तिने अंगाचा भार टाकत जोरात ओढले. एक गाठ सुटली. ती म्हणाली, "पाह्यलं?" आणि पुन्हा बांधायला बसली.